कासवाला खोकता येत नाही

दिवाळीचे दिवे उतरले की वऱ्हाडातली हवा पालटते. अमरावती-अकोल्यात खिडक्यांतले कूलर कोरडे पडतात, शेतात कपाशीची वेचणी सुरू असते, दुपारचं ऊन अजून चटके देतं आणि पहाटे मात्र गोधडी शोधावी लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, एखाद्या लाटेत त्याखालीही उतरतो. याच दिवसांत गावातल्या पशुवैद्यकांच्या दवाखान्यात, कुत्र्या-मांजरांच्या गर्दीत, कोणीतरी मांडीवर झाकलेला खोका घेऊन कोपऱ्यात बसलेलं असतं. नंबर आला तरी ते पुढे होत नाही. गर्दी ओसरायची वाट पाहतं.

बडनेरा रोडकडच्या एका दवाखान्यात असा एक खोका उघडताना मी पाहिला. बुटांचा खोका होता, झाकणाला कात्रीने भोकं पाडलेली. आत वर्तमानपत्राच्या घडीवर तळहाताएवढं कासव. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या, प्रत्येक उंचवट्यातून रेषा फुटलेल्या. मान बाहेर ताणलेली, डोळे मिटलेले. उजव्या नाकपुडीवर एक बुडबुडा होता. श्वास बाहेर पडला की तो फुगायचा, आत गेला की बसायचा आणि प्रत्येक वेळी बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा.

"डॉक्टरसाहेब, याले सर्दी झाली जी. काई खाऊनच नाई रायला."

"कधीपासून?"

"झाले असतीन पंधरा-वीस दिवस."

"मग इतके दिवस काहून थांबले भाऊ?"

त्या माणसाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भेव लागे जी. कोनी सांगितलं म्हंजे?"

या आजाराची सगळी हकीकत त्या दोन उत्तरांत आहे. कासवाचा श्वास अडतो तो थंडीने, ओलीने, चुकीच्या खाण्याने. ते मरतं मात्र बऱ्याचदा उशिरामुळे, आणि हा उशीर भीतीतून येतो.

आधी श्वासाचं पाहू, कारण कासवाचा श्वास आपल्यासारखा नाही. आपल्या छातीच्या फासळ्या हलतात, खाली पडद्यासारखा स्नायू असतो, त्या दोघांच्या हालचालीने फुप्फुसं भरतात आणि रिकामी होतात. कासवाच्या फासळ्या कवचात मिसळून गेल्या आहेत. त्या हलत नाहीत. आपल्यासारखा श्वासपटलही त्याला नाही. फुप्फुसं कवचाच्या छताला आतून लागून असतात, पाठीखालची जवळजवळ सगळी जागा व्यापून. खालच्या बाजूला पोटातले बाकीचे अवयव. पोटाचे स्नायू हे अवयव वर-खाली ढकलतात, पाय आत-बाहेर होतात आणि त्यातून हवा खेळते. ही पद्धत किती जुनी असावी याचा माग २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने काढला. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवांच्या एका पूर्वजात या श्वसनपद्धतीची सुरुवात दिसते. कवच तेव्हा पुरतं बनलेलंही नव्हतं.

या रचनेची किंमत आजारात मोजावी लागते. घशात किंवा छातीत काही अडकलं की आपण जोर लावून खोकतो, कफ बाहेर येतो. कासवाला तसा जोर लावताच येत नाही. फुप्फुसात साचलेला स्राव तिथेच राहतो, घट्ट होतो, आणि कासवाचा पू आपल्यासारखा पातळ नसून दह्याच्या गुठळीसारखा असल्याने तो वाहून निघत नाही.  नाकातला बुडबुडा हे आपल्याकडे पडशाचं लक्षण. दोन दिवस वाफ घ्या, बरं होतं. कासवाच्या नाकातला बुडबुडा ही सूचना असते. ती कळली नाही तर पुढची पायरी न्यूमोनियाची.

कासव मुळात नाकाने श्वास घेणारा जीव आहे. तोंड उघडून, मान उंच ताणून तो हवा ओढू लागला तर आजार पुष्कळ पुढे गेला आहे असं धरून चालावं. पण इथे वऱ्हाडासाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. तोंड उघडं आणि फेस, ही लक्षणं एप्रिल-मेमध्येही दिसतात आणि तेव्हा त्यांचा अर्थ अगदी वेगळा असू शकतो. अकोल्याचा उन्हाळा सांगायची गरज नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा उन्हात गच्चीवर, पत्र्याखाली किंवा काचेच्या पेटीत ठेवलेलं कासव तापतं, तोंडातून लाळ गाळतं आणि ती पुढच्या पायांना, मानेला फासून अंग थंड करू पाहतं. हा उष्माघात. त्याला तिथल्या तिथे सावली आणि साधं, बर्फ न घातलेलं पाणी हवं. उष्म्याने फेसाळलेलं कासव सर्दी झाली म्हणून उबेला बांधून ठेवलं तर ते तासाभरात जाईल. म्हणून लक्षणाबरोबर महिना पाहायचा, आणि कासव जिथे बसलं होतं तिथली हवाही.

फसवणारं आणखी एक लक्षण म्हणजे आवाज. कासवाला अचानक उचललं की ते डोकं-पाय झटकन आत ओढतं आणि "फस्स" असा आवाज येतो. आत जागा करण्यासाठी फुप्फुसातली हवा बाहेर टाकल्याचा तो आवाज आहे. त्यात आजार काही नाही. प्रत्येक श्वासाला येणारी शिट्टी, घरघर किंवा टकटक मात्र वेगळी. काकडी खाल्ल्यावर किंवा अंघोळीनंतर नाक ओलं दिसणंही नेहमीचंच. पण पुसल्यावर पुन्हा ओलं होत असेल, आणि त्यात चिकट तार दिसत असेल, तर ते पाणी नव्हे.

आता घराकडे येऊ. पशुवैद्यक सांगतात की जंतू शोधण्याआधी कासव कुठे राहतं ते विचारावं लागतं. या आजारात सापडणारे जंतू पुष्कळ आहेत. पाश्चुरेला, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही त्यांतली ओळखीची नावं. शिवाय मायकोप्लाझ्मा, हर्पीस कुळातले विषाणू, कधी बुरशी. यांतले कित्येक जंतू निरोगी कासवाच्या नाका-तोंडातही गुपचूप असतात. त्यांना वाट मिळते ती शरीराचा गारठा झाल्यावर. कासव स्वतःची ऊब तयार करत नाही. भोवतालची हवा तीसची असेल तर त्याची प्रतिकारशक्ती जागी असते, पचन चालतं, औषधही लागू पडतं. हवा पंधरावर गेली की हे सगळंच मंदावतं, आणि जंतू मात्र तेवढे मंदावत नाहीत.

त्या खोक्यातलं कासव चांदणी जातीचं होतं. चांदणी कासवाचा मूळ मुलूख म्हणजे गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेतली आंध्र-कर्नाटक-तामिळनाडूची काटवनं, आणि श्रीलंका. दिवसा तीसच्या आसपास, अंग शेकायच्या जागी त्याहून थोडी जास्त आणि रात्री वीसच्या खाली फार न जाणारी ऊब त्याला मानवते. पावसाळा त्याला आवडतो. पहिल्या सरींत ते बाहेर पडतं, चरतं, जोडी शोधतं. म्हणजे नुसत्या ओलीची त्याला भीती नाही. ओल आणि गारठा एकत्र आले की मात्र ते आजारी पडतं.

आपल्या घरात ही दोन्ही एकत्र येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. हिवाळ्यात गुळगुळीत टाइल्सची किंवा कडप्प्याची फरशी, न्हाणीचा कोपरा, गॅलरी. आणि उन्हाळ्यात कूलर, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही. मार्चपासून जूनपर्यंत वऱ्हाडातली घरं कूलरवर जगतात. कूलरची ओली, गार हवा जमिनीलगत वाहते आणि कासवही जमिनीलगतच राहतं. बाहेर पंचेचाळीस अंश असताना ते मात्र दिवसभर भिजक्या झोतात बसलेलं असतं. बाहेर एवढं ऊन, मग कासवाला थंडी कशी लागेल, असा प्रश्न घरच्यांना प्रामाणिकपणे पडतो.

याहून घातक गैरसमज थंडीतल्या झोपेचा आहे. डिसेंबरात कासव खाणं सोडतं, कोपऱ्यात मान घालून बसतं, आणि घरातलं कोणीतरी मोबाइलवर वाचून सांगतं की कासवं हिवाळ्यात झोपतात, त्याला उठवू नका. काही परदेशी कासवं शीतनिद्रा घेतात हे खरं. आपलं चांदणी कासव घेत नाही. त्याचं ते आठ-आठ दिवस न हलणं ही झोप नसून अंगातली ऊब संपल्याची खूण असते, आणि त्या मुकाट्याने बसण्यातच फुप्फुस भरत जातं. माझ्या मते वऱ्हाडातली जितकी कासवं जंतूंनी गेली असतील, तितकीच या एका समजुतीने गेली असतील.

खाण्याचाही वाटा आहे. घरोघरी कासवाला काकडी, टोमॅटो, पालक आणि चपातीचा तुकडा मिळतो. प्रेमाने मिळतो. चांदणी कासव गवत खाणारा जीव आहे. त्याला हरळी, जास्वंदीची फुलं-पानं, फड्या निवडुंगाचं काटे काढलेलं पान असा चोथट पाला लागतो, आणि हाडांसाठी ऊन लागतं, थेट पडणारं. काचेतून आलेल्या उजेडात त्याला हवे असलेले अतिनील किरण उरत नाहीत. कॅल्शियमच्या कमतरतेने कवच मऊ आणि ओबडधोबड होतं. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की, विशेषतः पाण्यातल्या कासवांत, डोळे सुजतात, नाका-श्वासनलिकेचं आतलं अस्तर बिघडतं आणि जंतूंना उघडं दार मिळतं. म्हणून 'अ' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन टाका म्हटलं, तर तेही बरं नाही. ते जास्त झालं तर जमिनीवरच्या कासवाची कातडी सोलून निघते.

त्या दवाखान्यातल्या कासवाला डॉक्टरांनी आधी वजनकाट्यावर ठेवलं, स्वयंपाकघरातल्यासारख्या छोट्या काट्यावर. मग कापसाने नाक पुसून पुन्हा किती वेळात बुडबुडा येतो ते पाहिलं. जबडा हलक्या हाताने उघडून जिभेवर, टाळूवर पांढरे-पिवळे चट्टे आहेत का ते पाहिलं, कारण ते दिसले तर विषाणूची शंका येते आणि ते कासव दुसऱ्या कासवाजवळ ठेवता येत नाही. कानाला स्टेथोस्कोप, पण कवच आणि नळीच्या मध्ये ओला पंचा धरून. कोरड्या कवचावर नळी घासली की दुसरं काही ऐकूच येत नाही. मग एक्स-रे. कुत्र्याला झोपवून वरून काढतात तसा काढला तर कवच आणि आतडी फुप्फुसांवर येतात. कासवाला उंचवट्यावर बसवून समोरून, आडव्या किरणांनी चित्र घ्यावं लागतं. तेव्हा डावं आणि उजवं फुप्फुस शेजारी-शेजारी दिसतं आणि कोणत्या बाजूला काळोखाऐवजी पांढरट ढग आहे ते कळतं. इथे ढग उजवीकडे होता.

उपचारात औषधाआधी ऊब. पेटीत एका टोकाला दिवा, दुसरं टोक गार, म्हणजे कासव स्वतः जागा निवडेल. तापमापक भिंतीला उंचावर टांगून उपयोग नाही, कासवाच्या पाठीच्या उंचीवर हवा. खाली तापणारी गादी किंवा शेकायची पिशवी लावली तर पोटाला भाजतं आणि ते त्याला कळतही नाही. रोज काही मिनिटं हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवायचं, कारण न खाणारं कासव आधी पाण्याला मोताद होतं. प्रतिजैविक पुढच्या पायाच्या स्नायूत देतात. मागच्या पायात दिलं तर तिथलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकतं. मात्रा रोजची नसते. कासवाचं शरीर औषध इतकं हळू वापरतं की काही इंजेक्शनं दोन-तीन दिवसांआड दिली जातात आणि उपचार आठवड्यांच्या हिशेबात चालतो. कोणतं औषध, हे नाकातल्या स्रावाच्या तपासणीने ठरावं. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलीनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. घरातल्या माणसांची उरलेली गोळी कुटून दिली तर वेळ जातो, यापलीकडे काही होत नाही.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायला हवी. आपल्याकडे गुरांच्या, शेळ्यांच्या, कुत्र्यांच्या जंत-गोचिडीवर आयव्हरमेक्टिन सर्रास वापरलं जातं. खेड्यातल्या दवाखान्यात ते हाताशी असतं. कासवाला ते विष आहे. त्याने कासवाचे स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. हे १९८३ पासून पशुवैद्यकीय वाङ्मयात नोंदलेलं आहे. जनावरांवर उपचार करणाऱ्या माणसाने कासवाला ते देऊ नये, आणि कासव घेऊन गेलेल्या माणसाने ते देऊ देऊ नये. व्हिक्स, कापूर, हळदीची धुरी, मुलांचं खोकल्याचं औषध यांतलं काहीही नको.

वऱ्हाडात पशुवैद्यकाची परंपरा कमी नाही. अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. पदव्युत्तर पशुवैद्यकीय शिक्षणाची संस्थाही आहे, नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतली. पण या सगळ्याची घडण गाय-म्हैस-शेळीभोवती झाली, आणि तसंच व्हायला हवं होतं. शेतकऱ्याचं जनावर वाचवणं हे पहिलं काम. सरपटणाऱ्या प्राण्यांचं वैद्यक शिकायला मिळतं ते थोडं. त्यामुळे कासव पाहिलेला डॉक्टर सापडणं हेच अर्धं काम होऊन बसतं. वन्यप्राण्यांसाठी नागपुरात सेमिनरी हिल्सला वन विभागाचं उपचार केंद्र आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधनाची सोय आहे. अमरावतीहून तिथवर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. आजारी कासवाला तिथे न्यायचं तर गाडीचा एसी बंद, खोक्यात गुंडाळलेला टॉवेल, बाजूला कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, आणि खोक्यात पाण्याचं भांडं अजिबात नाही.

बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, गर्दी संपायची वाट पाहत बसलेल्या माणसाची भीती खोटी नव्हती. चांदणी कासव पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते आधी चौथ्या अनुसूचीत होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आलं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. नदी-नाल्यात, शेततळ्यात, विहिरीच्या गाळात सापडणारं आपलं मऊ झडपांचं कासवही पहिल्याच अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात चांदणी कासव २०१९ साली सर्वांत कडक यादीत गेलं.

कायदा इतका कडक का झाला, ते आकडे सांगतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार चांदणी कासवं जंगलातून उचलली जात होती. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत देशात बेकायदा व्यापारात आढळलेली कासवं एक लाख दहा हजारांहून जास्त होती, असं ट्रॅफिक या संस्थेने नोंदवलं. पिशव्यांत, सुटकेसमध्ये, एकावर एक रचून, पाय चिकटपट्टीने बांधून ती नेली जातात. उपाशी, तहानलेली, एकमेकांच्या विष्ठेत. श्वासाचा आजार इथेच, प्रवासातच लागतो. एका कासवाच्या नाकातला स्राव दहांना पोहोचतो. अमरावतीच्या घरात दोन वर्षांनी दिसलेला बुडबुडा त्या सुटकेसमध्येच सुरू झालेला असू शकतो.

मग लोक ते घेतात कशाला? पैशाची हौस थोड्यांची. बहुतेक घरांत ते श्रद्धेने आलेलं असतं. शंकराच्या कुठल्याही जुन्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून आत जातो. विष्णूचा दुसरा अवतार कूर्म. त्यात वास्तूचे सल्लागार सांगतात, उत्तरेला कासव ठेवा, लक्ष्मी टिकते. त्यांच्या मनात धातूचं असतं, कोणीतरी जिवंत आणून देतो. ज्या घरात ते येतं तिथे त्याचा छळ व्हावा अशी कोणाचीच इच्छा नसते. आजी रोज त्याच्यापुढे हळद-कुंकू वाहते, नातू त्याला पालक खाऊ घालतो. आणि तरी ते थंड फरशीवर, बंद नाकाने, उपाशी मरतं. श्रद्धेबद्दल मला आदर आहे. म्हणूनच म्हणतो, देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करावा आणि जिवंत कासवाला त्याच्या काटवनात राहू द्यावं.

सगळीच पाळीव कासवं बेकायदा नाहीत. माशांच्या दुकानात मिळणारं, कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं आहे. आफ्रिकेतलं मोठं सुलकाटा कासवही हौशी लोक पाळतात. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेले असे परदेशी प्राणी आता केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदवावे लागतात, त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. लाल पट्ट्याच्या कासवाचा न्यूमोनिया वेगळ्या रूपात दिसतो. ते पाण्यात एका बाजूला कलून तरंगतं, बुडी मारू शकत नाही, कारण एका फुप्फुसात हवेच्या जागी स्राव भरलेला असतो. वऱ्हाडातल्या हिवाळ्यात टबातलं पाणी पहाटेपर्यंत बर्फगार होतं, त्याचा हा परिणाम. अशा कासवाच्या मालकाला लपायचं काही कारण नाही. त्याने पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि हात साबणाने धुवावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो, लहान मुलांना तो लागतो. अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला त्यापायी बंदी घातली.

भीतीपोटी लोक दवाखान्याऐवजी जे करतात, ते सर्वांत वाईट. अंधार पडल्यावर कासव नेऊन सोडून देतात. छत्री तलावात, वडाळीत, पूर्णेच्या पात्रात, काटेपूर्णेच्या धरणावर, नाहीतर एखाद्या देवळाच्या टाक्यात. पुण्य लागतं म्हणतात. चांदणी कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. ते पाण्यात सोडलं तर सरळ बुडतं. लाल पट्ट्याचं सोडलं तर ते जगतं, आणि आपल्या कासवांचं खाणं, ऊन शेकायची जागा बळकावतं. आणि आजारी कासव सोडलं तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात मिळतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या एका राखीव क्षेत्रात वाळवंटी कासवं मोठ्या संख्येने मेलेली, आजारी सापडू लागली. नाक वाहतंय, डोळे सुजलेत, अंग खंगलंय. १९९० साली त्या कासवाला संकटग्रस्त म्हणून संघीय संरक्षण मिळालं. पुढे आजाराचा जंतू हाती लागला, मायकोप्लाझ्माची एक जात. १९९४ साली प्रयोगाने सिद्ध झालं की हाच आजार घडवतो. तो शहरी घरांतून सोडून दिलेल्या पाळीव कासवांबरोबर वाळवंटात आला असावा, असा संशय शास्त्रज्ञांनी व्यक्त केला. या आजाराची एक बाजू मला फार अस्वस्थ करते. नाकाचं आतलं अस्तर वारंवार सुजून खराब झालं की कासवाला वास येईनासा होतो. कासव खाणं वासाने ओळखतं. बरं झालेलं दिसणारं कासव गवताच्या मधोमध उपाशी राहू शकतं. शिवाय बरं झाल्यावरही ते जंतू वर्षानुवर्षं अंगात बाळगतं.

म्हणून जप्त केलेलं कासव बरं झालं की लगेच रानात, असं होत नाही. पुण्यात बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू संस्थेच्या उपचार केंद्रात शेकडो चांदणी कासवं अशी सांभाळली गेली. वेगळं ठेवणं, तपासण्या, वजनं, स्वतःहून चरायला शिकवणं, आणि मग त्यातली कित्येक विदर्भातल्या वनक्षेत्रात आणली गेली, आधी कुंपणातल्या मोकळ्या जागेत आणि नंतर पुढे. एका बुडबुड्यापासून रानापर्यंत जायला काही महिने सहज लागतात.

बडनेरा रोडकडच्या त्या माणसाला डॉक्टरांनी हेच समजावून सांगितलं. पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं, पेटीत दिवा लावून कासव ठेवून घेतलं आणि त्याच्या समोरच वन विभागाला कळवलं. तो घामाघूम झाला होता. स्वतःहून आणून देणाऱ्याकडे अधिकारी कसे पाहतात ते परिस्थितीवर आणि अधिकाऱ्यावर असतं. कायद्यात माफीचं पक्कं आश्वासन लिहिलेलं नाही आणि मीही ते देणार नाही. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं असं कायदा सांगतो. वन विभागाचा क्रमांक १९२६. पण माझं मत स्पष्ट आहे. स्वतःहून पुढे येणाऱ्या कुटुंबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याने एकही कासव वाचत नाही. विकणाऱ्याचा माग काढावा. आजारी कासव घेऊन दारात आलेल्या माणसाला निदान एक धीराचा शब्द मिळावा, म्हणजे पुढचा माणूस वीस दिवस थांबणार नाही.

आणि वन विभागाच्या माणसांसाठीही थोडं. जप्तीतली किंवा आणून दिलेली कासवं पहिली रात्र बहुधा वनपरिक्षेत्र कार्यालयात काढतात. कासव म्हणजे पाण्यातला जीव, या समजुतीने त्यांना टबात पाणी भरून ठेवलं जातं. डिसेंबरातल्या अमरावतीत ती एक रात्र पुरते. चांदणी कासवाला कोरडा खोका, खाली कागद, वर साधा शंभर वॅटचा पिवळा दिवा, आणि वीज गेली तर कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. ज्याचं नाक वाहतंय ते वेगळ्या खोक्यात. त्याला हात लावलेल्याने साबणाने हात धुऊनच दुसऱ्याला हात लावायचा. प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, कवचावर पेन्सिलीने क्रमांक आणि वहीत नोंद: कुठून आलं, शेवटचं कधी खाल्लं, श्वासाला आवाज आहे का. सकाळी नागपूरच्या डॉक्टरांना फोन लागला की ते पहिल्यांदा याच गोष्टी विचारतात.